युनिटला जेआर किती?

शनिवार, पोस्ट-इमर्जन्सी (रात्रभराच्या इमर्जन्सी ड्युटीनंतरचा दिवस)

एमबीबीएसनंतर पीजीला कुठला विषय घ्यायचा? आईचं म्हणणं होतं, स्किन घे, रात्रीअपरात्रीची कटकट नाही. माझ्या रँकला स्किन मिळत होतं ते खाजगीत. तिथली फी ऐकल्यावर बाबांनी पेपर तोंडासमोर धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही. म्हणजे सरकारी कॉलेज आणि मेडिसिन. मला तेच हवं होतं, पण मग कुठलं? प्रवेशासाठी ऑल इंडियाच्या जागा एमसीसी या केंद्राच्या समितीकडे, राज्याच्या सीईटी सेलकडे. दोन्हीकडे चॉइस भरताना जो तो कट-ऑफ, बेड आणि कॉलेजचं नाव बघतो. हॉस्टेलमधली एक सिनिअर ताई मात्र म्हणाली, "ते सोड. फोन करून विचार, युनिटला जेआर वन किती आणि मागच्या बॅचमधले सीट सोडून किती गेले." जेआर वन म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाचे ज्युनिअर रेसिडेंट, युनिट म्हणजे वॉर्ड सांभाळणारी डॉक्टरांची एक तुकडी.

तेच विचारून विदर्भातलं हे कॉलेज वर टाकलं. युनिटला आम्ही तिघं जेआर वन होतो. दिवाळीनंतर एक जण बॉण्डचे (सीट सोडण्याच्या दंडाचे) पैसे भरून गेला, त्याच्या इमर्जन्सी ड्युट्या आम्हा दोघांत वाटल्या गेल्या. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी नियमांत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. आमचे ते बुधवारपर्यंतच भरतात. २०२३ च्या नव्या पीजी नियमांत आठवड्याची सुट्टीही आहे, कामाची निकड नसेल तर. निकड नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही. सॅम्पल घेऊन लॅबला पळा, रिपोर्ट आणा, वॉर्डचे मामा (शिपाई) जेवायला गेले असतील तर ट्रॉलीही आपणच ढकला.

काल रात्री कॅज्युअल्टीत कापसाच्या शेतातून एक बाई आली. "पान लागलं जी," म्हणजे साप चावला, नवरा एवढंच सांगत होता. पाय टम्म, हिरड्यांतून रक्त. जेआर टू सर म्हणाले, "बाकीचे मी बघतो, तू नळीपाशी थांब."

विषाने रक्त गोठणं थांबलंय का, ते ही नळी सांगते. दोन मिली रक्त, कोरडी काचेची नळी, २० मिनिटं हात लावायचा नाही. प्लास्टिकची चालत नाही, रक्त गोठायला काच लागते. साबणाने धुतलेली नळीही फसवते. बाहेर रांग लागलेली असताना २० मिनिटं एका नळीकडे बघत उभं राहणं ही चैन आहे, आणि ती युनिटमध्ये दुसरा माणूस असेल तरच परवडते. एकटा जेआर असता तर नळी कुणाच्या तरी धक्क्याने हलली असती, नाहीतर तासाभराने आठवली असती. वेळ झाल्यावर तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

अँटीव्हेनमच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सलाइनमधून तासाभरात, रिअॅक्शन आली तर म्हणून शेजारी अॅड्रिनॅलिन भरून ठेवलेलं. औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींवर चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नसते. नवऱ्याने तरी पिशवीतून आणलाच होता. सिस्टर ओरडल्या. घोणस निघाली.

सहा तासांनी पुन्हा नळी लावली, या वेळी गुठळी धरली. बाईने चहा मागितला. लघवी मात्र कमी आहे, घोणस किडनी धरते, तेव्हा उद्या राउंडच्या आधी क्रिएटिनिन बघायचं. थिसिसची सिनॉप्सिस (आराखडा) गाईडच्या टेबलावर पडून आहे, ती सोमवारी मागायची.