माणगावात, पुतळ्यासमोर

सातबाऱ्याच्या कामाला आज माणगावला गेले होते. तिथे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. लहानपणापासून येता-जाता पाहिलेला, पण आज पहिल्यांदा चपला काढून समोर उभी राहिले.

आपल्या रायगडातलाच मुलगा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक, वय जेमतेम 22. तारीख 10 जुलै 1944, जागा इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मेले, नाहीतर जखमी झाले. हा एकटाच त्या गनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, मग टॉमी गन चालवली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरली आणि शत्रूच्या उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घातले. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी! हात कसे पोळले असतील, हेच दिवसभर मनात येतंय. जिंकलेल्या त्याच ठाण्यावर, लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो गेला.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला. गडद लाल फीत, ब्राँझचा लहानसा क्रॉस, मागच्या बाजूला पराक्रमाची तारीख कोरलेली. राज्य इंग्रजांचं होतं, लढाई त्यांची होती, हे खरंच. पण मागे पडलेले सोबती त्याचे स्वतःचे होते. मला तरी ते पदक त्यांच्यासाठीचं वाटतं.

नाक्यावरून झेंडूची माळ आणली. हात पुरेना, तर शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी न सांगता वर चढून घातली.