डेक्सामेथासोनआधीचा एमआरआय

केसपेपरवर ‘ग्लायोब्लास्टोमा?’ एवढंच लिहिलं होतं, म्हणजे मेंदूच्या आक्रमक कर्करोगाचा संशय. पन्नाशीतले गृहस्थ, काही आठवड्यांपासून वागण्यात बदल आणि चालताना तोल जाणं. गाठ मेंदूचे दोन अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोझम ओलांडून दोन्ही बाजूंना फुलपाखरासारखी पसरलेली. असा आकार दिसला की हात आपोआप ग्लायोब्लास्टोमाच लिहायला जातो. पण डिफ्यूजनवर (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारं एमआरआय चित्र) ती पांढरीशुभ्र होती आणि त्याच्याच एडीसी मॅपवर काळी, म्हणजे पेशींची दाटी. रक्तस्राव टिपणाऱ्या एसडब्ल्यूआय चित्रांवर रक्ताचा ठिपकासुद्धा नाही. एवढ्या मोठ्या ग्लायोब्लास्टोमात रक्तस्रावाच्या खुणा बहुधा सापडतातच. त्यामुळे लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, संशय बळावला, आणि पुढचा परफ्युजन, म्हणजे गाठीतलं रक्त मोजणारा स्कॅन, त्या हिशेबानेच लावला.

वॉर्डातून हाताच्या पाठीवर निळी, बारीक २२ गेजची कॅन्युला (शिरेतली नळी) लावून आली होती. तिच्यातून सेकंदाला ५ मिली वेग झेपत नाही. बोलस, म्हणजे एका झटक्यात सोडलेलं कॉन्ट्रास्ट औषध, रेंगाळला की सिग्नलचा कर्व्ह उथळ येतो आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही. म्हणून कोपराच्या शिरेत हिरवी, जाड १८ गेजची लावून घेतली. ६० किलो वजनाला १२ मिली गॅडोलिनियम (हेच ते कॉन्ट्रास्ट), मागून २० मिली सलाइन. एरवी औषध रक्तवाहिन्यांतून गाठीत गळण्याचा परिणाम कमी करायला आधी प्रीलोड, म्हणजे थोडा आगाऊ डोस, देतात. इथे मुद्दाम टाळला, फ्लिप अँगल हे स्कॅनचं सेटिंग ६० अंशांवर ठेवलं. लिम्फोमात औषध गाठीत झिरपतं, त्यामुळे सिग्नल खाली जाऊन परत येताना बेसलाइनच्याही वर चढतो. प्रीलोड दिला की नेमकी हीच खूण पुसट होते.

कर्व्ह वर चढलाच. आरओआय, म्हणजे मोजणीची चौकट, ठेवताना शेजारची शीर आत येऊ दिली नाही, नाहीतर आरसीबीव्ही (तिथल्या रक्ताचं सापेक्ष प्रमाण) खोटाच वाढतो. समोरच्या बाजूच्या व्हाइट मॅटरच्या तुलनेत तो जेमतेम दीडपट निघाला. ग्लायोब्लास्टोमात सहसा याहून बराच जास्त मिळतो. कॉन्ट्रास्टनंतर गाठ सगळीकडे सारखी उजळली, मधे नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही.

रिपोर्ट टाइप होण्याआधी न्यूरोसर्जनना फोन केला: "सर, डेक्सा सुरू केलंय का?" केलं नव्हतं. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड; त्याने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, मग बायोप्सीत हाती काहीच निश्चित लागत नाही. पेशंट शुद्धीवर होता, मेंदूवर जीवघेणा दाब नव्हता, म्हणूनच थांबणं शक्य होतं. तसा दाब असता तर सूज उतरवायला स्टेरॉइडच आधी.

गाठ काढण्याचा बेत रद्द झाला, फक्त स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी केली, म्हणजे नेमकी जागा साधून सुईने तुकडा घेतला. निदान आलं डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. एचआयव्ही, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी आणि पेट-सीटी आटोपून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध सुरू झालं.