पीएलसी थांबला, फीडर थांबला नाही: माझा अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका दाळमिलमध्ये मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. तूर साफ करण्यापासून भरडण्यापर्यंतच्या सर्व मोटारी एका नव्या पीएलसीच्या (प्रोग्रॅमनुसार यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) नियंत्रणाखाली आणण्याचे काम मागील हंगामाआधी झाले. पॅनेल, केबल आणि प्रोग्रॅम यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ते सारे वेळेत झाले. काम अडले ते एका साध्या प्रश्नावर. पीएलसी रनमधून (प्रोग्रॅम चालू) स्टॉपमध्ये (प्रोग्रॅम थांबलेला) गेला, तर नेटवर्कवरच्या मोटारींनी काय करायचे, हे कोण ठरवते?

प्रोग्रॅममधील बदल भरण्यासाठी पीएलसी स्टॉपमध्ये घेतला, तेव्हा तूर वर चढवणारे बकेट एलिव्हेटर लगेच थांबले. मात्र त्यांच्या बुटात, म्हणजे तळाच्या खोक्यात, तूर सोडणारा स्क्रू फीडर आधीच्याच वेगाने फिरत राहिला. आमचा अमळनेरकडचा ऑपरेटर ओरडला, "भाऊ, पीएलसी बंद शे, तरी बी मोटर फिरी ऱ्हायनी!" फीडर स्थानिक बटणाने थांबवेपर्यंत बूट तुरीने गच्च भरला होता आणि तो रिकामा करण्यात पाळीचा बराच वेळ गेला.

कारण समजायला अवघड नव्हते. एलिव्हेटरच्या स्टार्टरमधील इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड रिले (मोटारीला अतिभारापासून जपणारे) इथरनेट/आयपी या नेटवर्कवर आहेत. तेथे पीएलसी स्टॉपमध्ये गेला तरी डेटा पाठवणे चालूच ठेवतो; फक्त त्या डेटाच्या आरंभी असलेला रन-आयडल (चालू की निष्क्रिय) बिट बदलतो आणि त्यावरून रिलेला कळते की मालक, म्हणजे पीएलसी, जागेवर आहे, पण हुकूम देत नाही. फीडरचा ड्राइव्ह (मोटारीचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) मात्र आरएस-485 या तारजोडणीवरील मॉडबस या संदेशपद्धतीवर आहे आणि मॉडबसमध्ये असा संकेतच नाही. पीएलसीचा प्रोग्रॅम थांबला की त्याचे संदेश थांबतात, एवढेच. ड्राइव्हमधील संदेश-खंडाचा (संदेश किती वेळ न आल्यास कृती करायची ते ठरवणारा) टायमर शून्यावर, म्हणजे बंद ठेवलेला असेल, तर शेवटचा हुकूम हाच त्याच्या दृष्टीने अखेरचा आणि कायमचा हुकूम ठरतो. आमचा टायमर कारखान्यातून आला तसाच शून्यावर होता.

एवढे कळल्यावर मी पुरवठादाराच्या सेवा विभागाकडे लेखी विचारणा केली. प्रत्येक ड्राइव्हच्या आणि रिलेच्या बाबतीत पीएलसी स्टॉप झाल्यास काय होईल, याचा तक्ता मला हवा होता, कारण संपूर्ण संचाच्या सेटिंगची जबाबदारी करारानुसार त्यांची होती. तेथून मला तक्रार अर्ज भरण्यास सांगण्यात आले. त्या अर्जात फॉल्ट कोडचा, म्हणजे ड्राइव्हने दाखवलेल्या बिघाडाच्या खुणेचा, रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि आमच्या ड्राइव्हने कोणताही फॉल्ट दिलेला नव्हता. त्याने फॉल्ट द्यायला हवा होता आणि तो दिला नाही, हीच तर माझी तक्रार होती! रकान्यात शून्य भरले, तर "फॉल्ट आढळला नाही" असा शेरा मारून तक्रार बंद झाली. पुन्हा अर्ज केला, तेव्हा केबल तपासावी, असा सल्ला आला. केबल उत्तम होती. दूरध्वनीवर दर वेळी नवी व्यक्ती, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सारे सांगणे भाग. केबल तुटणे आणि पीएलसी स्टॉप होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे माझे वाक्य मला पाठ झाले. ऐकणाऱ्याच्या नोंदीत मात्र ते प्रत्येक वेळी "कम्युनिकेशनची अडचण" असेच उतरत असे.

अखेरीस त्यांचा एक अभियंता आला. त्याने पीएलसी पॅनेलचा मुख्य स्विच बंद केला, सगळ्या मोटारी थांबल्या, आणि चाचणी यशस्वी झाल्याच्या कागदावर तो माझी सही मागू लागला. ड्राइव्हला चालण्याची परवानगी देणाऱ्या एनेबल इनपुटचा 24 व्होल्टचा पुरवठा त्याच पॅनेलमधून येत असल्यामुळे तो स्विच बंद केल्यावर फीडर थांबणारच होता. त्यातून पीएलसी स्टॉप झाल्यावर काय होते, हे मुळीच सिद्ध होत नव्हते. मी सही केली नाही. पुरवठा तसाच ठेवून केवळ पीएलसीचा मोड स्विच स्टॉपवर फिरवा, असे मी म्हणालो. त्याने तो फिरवला आणि फीडर फिरतच राहिला. "प्रोग्रॅममध्ये बघावे लागेल," असे तो म्हणाला. जो प्रोग्रॅम थांबलेला आहे, तो फीडरला कसा थांबवणार, हे मी त्याला विचारले, त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर शेठजींनी अंतिम देयक रोखले आणि मग कोठे ड्राइव्ह जाणणाऱ्या माणसाचा दूरध्वनी आला. त्याच्याशी झालेले संभाषण चहा निवण्याआधी संपले. इतके दिवस तो कोठे होता, हा प्रश्न मी गिळला, पण तो अजून घशात आहे.

फीडरच्या ड्राइव्हवर टायमर चालू केला आणि संदेश थांबल्यास मोटार उतरत्या वेगाने थांबवावी, असे ठरवले. टायमरची वेळ ठरवताना एका तारेवरच्या सर्व ड्राइव्हना विचारून होण्यास लागणारा वेळ, त्यातील एखादा बंद असल्यास होणाऱ्या पुनर्प्रयत्नांसह धरावा. अन्यथा ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होत राहतो. याहून माझा अधिक भरवसा नेटवर्कशिवाय थेट तारेने जोडलेल्या इंटरलॉकवर (एक यंत्र थांबले की दुसरे थांबवणारी जोडणी) आहे: एलिव्हेटरच्या मोटारीला वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क फीडरच्या एनेबल इनपुटच्या मार्गात घातला, त्यामुळे एलिव्हेटर कोणत्याही कारणाने थांबला तरी फीडर पीएलसीला न विचारता थांबतो. धूळ ओढणाऱ्या पंख्यासाठी मात्र आम्ही शेवटची स्थिती कायम ठेवण्याचा पर्याय मुद्दाम निवडला, कारण गिरणी थांबली तरी हवेतली धूळ ओढली जायला हवी. त्याचे थांबवण्याचे बटण थेट तारेने जोडलेले आहे. आपत्कालीन थांबा तर नेटवर्कवर कधीच सोपवू नये.

रिलेच्या सेटिंगमध्ये संपर्क तुटल्यावरची कृती आणि आयडलमधील कृती यांसाठी दोन स्वतंत्र रकाने असतात, दोन्ही पाहावेत. प्रोफिनेट या दुसऱ्या नेटवर्कवरही पीएलसी स्टॉप झाला की डेटासोबतचा वैधतेचा दर्जा खालावतो आणि ड्राइव्हला ते कळते, म्हणून चाचणी तेथेही वेगळी घ्यावी. आधी सांगायला हवे होते ते असे की ही चाचणी यंत्रे रिकामी असताना घ्यावी, आणि पीएलसी पुन्हा रनमध्ये आल्यावर एखादी मोटार आपोआप सुरू होते का, तेही त्याच वेळी पाहावे. आमची एक झाली होती. आता स्टार्टचे बटण नव्याने दाबल्याशिवाय कोणतीही मोटार सुरू होत नाही. जळलेल्या ड्राइव्हच्या जागी नवा बसवला की त्याचा टायमर पुन्हा शून्यावर असू शकतो, म्हणून सेटिंगचा तक्ता पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला आहे. तो तक्ता शेवटी मीच तयार केला.