निकाल लागला, ताबा कुठाय?

दावा जिंकलेला पक्षकार पेढे घेऊन ऑफिसात आला की मला अवघडल्यासारखं होतं. पेढा तोंडात असतानाच सांगावं लागतं, "काका, आता दरखास्त टाकायची."

"कसली दरखास्त? साहेबांनी ताबा द्या म्हणून लिहिलंय की!"

लिहिलंय, हो. पण समोरचा आपणहून निघाला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 खाली अंमलबजावणीचा वेगळा अर्ज, वेगळा नंबर, वेगळ्या तारखा. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा औपचारिक आदेश, मिळाल्यावरच सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील कोर्टानं, 1872 सालीच म्हणून ठेवलंय. आपली सध्याची संहिता 1908 ची. तक्रार तिच्याहून जुनी!

कागदावर सगळं सरळ आहे. ताबा वॉरंट निघतं, ते बजावायला कोर्टाचा कर्मचारी, म्हणजे बेलिफ, जातो, वेळ पडली तर कुलूपही तोडता येतं. प्रत्यक्षात दार उघडून प्रतिवादीचा भाचा पुढे येतो. "मी इथला स्वतंत्र भाडेकरू, मला कुठे पार्टी केलंय?" बेलिफ हुज्जत घालत नाही, ते त्याचं कामही नाही. 'अडथळा आल्याने ताबा देता आला नाही' असा अहवाल लिहून तो वॉरंट परत करतो. मग त्याच आदेशातल्या नियम 97 खाली अडथळ्याविरुद्ध आमचा अर्ज, भाच्याचं म्हणणं, पुरावा, उलटतपास. त्यावरचा निर्णयही हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, म्हणजे अपील आलंच.

हा नियम काढून टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला दाव्याचा पत्ताच नव्हता असा खरा भाडेकरूही त्याच्यामुळेच वाचतो. खरा कोण आणि आयत्या वेळी उभा केलेला कोण, हे बेलिफानं उंबऱ्यात कसं ठरवायचं?

2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, उशीर झाला तर लेखी कारणं द्या. सगळे हेच वाक्य सांगत फिरतात. मला त्याच निकालातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते: मिळकतीत तिऱ्हाइताचा हितसंबंध आहे का, हे दाव्याच्या सुरुवातीलाच पक्षकारांना विचारा.

म्हणून दावा लिहायला घेण्याआधी माझी चौकशी सुरू होते. घरात झोपतं कोण? लाइटबिल कुणाच्या नावावर?

"मॅडम, भांडण भावाशी आहे. त्याच्या मेहुण्याला कशाला ओढता?"

"राहतो ना तिथे? मग नाव सांगा, प्रतिवादी नंबर दोन."