मशीन रिपेरीला गेलंय

सोमवार

शिलाई मशीनचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी भाग, बेळगावात रिपेरीला देऊन आले. येळ्ळूरहून वडगावपर्यंत पावसाने रस्त्याची पार चाळण केलीय. हेड पोत्यात गुंडाळून यांनी स्कूटरवर पायापाशी ठेवलं आणि मी मागे बसून छत्री त्याच्यावर धरली. आम्ही भिजलो तर वाळू, त्याला गंज चढला तर काय करायचं?

परवापासून टाके सुटत होते. सुती कापडावर कमी, खणावर जास्त. 14 ची सुई काढून 16 ची घातली, दोरा परत ओवला, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालचा कापूस ब्रशने काढला, तेल सोडलं. तरी तेच. चांगली टीप पडतापडता मध्येच एक लांबलचक टाका. रिपेरीवाल्यांनी शटल, म्हणजे सुईखाली फिरणारा भाग, बाहेर काढलं आणि उजेडाकडे धरून त्याचं टोक दाखवलं. जिथे टोकदार पाहिजे तिथे ते गोल झालंय. सुई खाली जाऊन जराशी वर येते तेव्हा तिच्या भोकापाशी दोऱ्याचं बारीकसं कडं तयार होतं. ते कडं शटलच्या टोकाने पकडायचं आणि खालच्या दोऱ्याभोवती फिरवायचं, तेव्हा एक टाका होतो. टोक झिजलं की कडं निसटतं. इतकी वर्षं मशीनवर बसते, पण ही गाठ पडताना कधी बघितली नव्हती. त्यांनी हाताने चाक सावकाश फिरवून दाखवली आणि मी दुकानात उभी राहून दोनदा बघून घेतली.

शटल नवीन घालायला पाहिजे, मग टाइमिंगही, म्हणजे सुईचा आणि शटलचा मेळ, परत लावावं लागणार. पार्ट लुधियानाहून येतो, आमच्या जुन्या मॉडेलचा इथे शिल्लक नाही. गौरी-गणपतीच्या तोंडावर हे व्हायचं होतं.

मंगळवार

घरात हेड नसलेलं स्टँड तेवढं आहे. फळीला मधोमध भोक, खाली चाक आणि लोंबणारा चामडी पट्टा. लेकीने त्यावर पाट टाकून अभ्यासाला जागा केलीय. लिहितालिहिता पायडल हलवत बसते. चाक नुसतंच फिरतं.

आज सगळ्या पिशव्या खाली ओतून वाटणी केली. फॉल लावणं हातानेच असतं, ते एकीकडे. हुक, लूप, गळ्याची हेमिंग, बाह्यांच्या दुमडी हेही हातानेच, मशीन असलं तरी. परकर आणि मुलींचे फ्रॉक मशीनशिवाय नाहीत, त्यांच्या लांबलचक शिवणी हाताने घालत बसलं तर परवडत नाही. पिको दुसरीकडूनच करून आणते, त्यामुळे तो प्रश्न नाही. राहिले अस्तराचे ब्लाऊज. त्यांचं कटिंग करून, टक्स आखून, कच्चे टाके घालून ठेवले तर मशीन आल्यावर निम्मं काम झालेलं असेल.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या मशीनवर ये गे, नाहीतरी दुपारी रिकामंच असतंय." गेले होते. त्यांचं मोटारीचं आहे. पाय ठेवला की पळतं. माझा पाय टाचेने आणि चवड्याने वेग धरतो, मोटारीला ते कळत नाही. सरळ शिवणी घालून आणल्या, मुंढ्याला, म्हणजे बाहीच्या वळणाला, हात लावला नाही. गिऱ्हाइकाच्या खणावर मी शिकाऊपणा करणार नाही.

बुधवार

संध्याकाळी खालच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्या घरी कन्नड बोलतात, माझ्याशी दोन्ही. दारातूनच विचारलं, "मशीन बंतऽ?" म्हटलं, "इल्ल री, इन्नू बंदिल्ल," अजून आलं नाही. मग म्हणाल्या, "आक्का, लेक येणार हाय गौरीला, तिचा खणाचा तेवढा करून दे. पहिलीच गौर हाय तिची."

खण बघितला. गुळेदगुड्डचा, जांभळा, काठाला लाल. डोळ्यांत मावणार नाही इतकं लखलखीत कापड. पहिली गौर म्हटल्यावर नाही म्हणवेना. हाताने करून देते म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर बसले. धावदोरा इथे चालत नाही. तो एका ठिकाणी तुटला की ओढ बसेल तसा सगळा उसवत जातो. ब्लाऊजला उलटी टीप पाहिजे: सुई एक टाका पुढे काढायची, मग मागच्या टाक्याच्या शेवटाला येऊन परत घालायची. वरून बघितलं तर मशीनसारखी सलग रेघ दिसते आणि खालून एकावर एक चढलेले दुहेरी टाके. प्रत्येक टाका आपल्या मागच्याला धरून असतो, म्हणून हात वर करताना मुंढ्याला ताण आला तरी शिवण सोसते. मशीनला मी इंचाला 10-12 टाके ठेवते. हाताने तेवढे येत नाहीत, पण बारीक घातले तर 8 येतात, आणि ब्लाऊजला ते पुरतात.

दोरा मेणातून ओढून घेतला. पावसाळी हवेत दोरा लगेच पीळ धरतो, मेण लावलं की सरळ राहतो. हातभरापेक्षा लांब घेतला नाही. खांदा झाला, बाजू झाली. मुंढ्याला जिथे बाही, अंग आणि दोन्हींचं अस्तर एकत्र येतं तिथे सुई कापडातून निघेना. अंगुस्तानाने दाबून तिरकी काढली. तिथे टाका टाका वेगळा घालावा लागतो, दोन टाके एकदम सुईवर घेता येत नाहीत. तेवढ्या वीतभर वळणाला रात्रीचे साडेअकरा झाले. आत्ती, माझ्या सासूबाई, उठून आल्या, उजेडात धरून शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि काही न बोलता परत झोपायला गेल्या. आत्तींना काही खटकलं तर त्या बोलतात.

शुक्रवार

काकूंच्या लेकीचा ब्लाऊज झाला. शिलाई मशीनच्याच दराने घेतली. काकू जास्त देत होत्या, नको म्हटलं. वेळ जास्त गेला तो माझ्याकडे मशीन नव्हतं म्हणून, त्यांच्या कापडामुळे नव्हे. यांना ते पटलं नाही. बचत गटाचा हप्ता जवळ आलाय, त्यांचंही बरोबर आहे. पण दर मी ठरवते.

पाऊस थांबत नाही. कात्रणांचं गाठोडं सोडलंय. वाकळ घालायची म्हणून किती पावसाळे नुसतं म्हणत होते. वरच्या बाजूला आत्तींची जुनी सुती इरकल, खाली यांचं धोतर, मध्ये जीर्ण चादरी. माझं माहेर नंदगडचं, तिथून हल्याळ जवळ. हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या समाजाच्या, बायकांच्या कवंद्या, त्यांच्याकडच्या वाकळा, लहानपणी बघितल्या होत्या. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेने तुकडे लावत, टाके घालत आत येतात आणि मधोमध संपवतात. कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मापाची पट्टी नाही, खडूची रेघ नाही, आणि टाके बघावेत तर एकसारखे. आखल्याशिवाय माझी कात्री उचलत नाही, म्हणून मला त्या हातांचं फार कौतुक वाटतं.

माझ्या वाकळीला मी तसंच कडेकडेने आत यायचं ठरवलंय. पहिला फेरा झालाय. इथे धावदोराच, तो जाड वाकळीत छान बसतो. लेकीनेही एक बाजू घातली. तिचे टाके लांब आहेत, ते तसेच ठेवले.

मशीन आठवत नाही असं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला हात आपोआप तेलाच्या डबीकडे जातो. ते आईने माझ्या लग्नात दिलेलं आहे, दागिन्यांत काटछाट करून दिलेलं. आत्ती परवा म्हणाल्या, "नवीनच घे की आता." घेणार नाही. लोखंडी अंग अजून ठणठणीत आहे, झिजलंय ते एक टोक.

रविवार

फोन आला. शटल आलंय, बसवून ठेवतो म्हणाले, उद्या या. उद्या जाताना पिशवीत खणाचं कात्रण दुहेरी अस्तर लावून न्यायचं, आणि एक व्हॉइलचं. जाड कापडावर टाका सुटत नाही ना ते खणावर बघायचं, आणि पातळ कापड चुरगळत नाही ना ते व्हॉइलवर. दोन्हीकडून टीप सारखी दिसली, वरचा-खालचा दोरा कापडाच्या पोटातच अडकला, तरच हेड उचलायचं. झिजलेलं शटलही मागून घ्यायचं, पुढच्या वेळी नमुना म्हणून दाखवायला बरं पडेल. येताना शहापुरात थांबून 16 च्या सुयांचं पाकीट आणि जांभळा दोरा. परकर आधी घ्यायचे, मग फ्रॉक, ब्लाऊज शेवटी, कारण ते कच्चे टाके घालून तयारच आहेत.