हिरव्या झग्याचे रविवार

कोविडात अंतर राखायला चर्चच्या बाकांच्या पाठीवर एकाआड एक चिकटवलेली ती पिवळी पट्टी केव्हाच निघाली. तिचा डिंक मात्र राहिला, आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ झाली. जुन्या सागवानी बाकांना फ्रेंच पॉलिश असेल तर ही रेघ थिनरने काढायला जाऊ नका. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख आणि स्पिरिट. पुन्हा स्पिरिट लागलं की लाख सुटते. दर मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) ज्या कडांवर सॅनिटायझर फवारला तिथे पांढरट ढग उमटलेत, त्याचं कारणही हेच. डिंकावर कापसाने खोबरेल तेल लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, जुन्या एटीएम कार्डाने लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. पांढरे ढग तेलाने जात नाहीत, त्याला पॉलिशवालाच बोलवावा लागतो. पितळी समयांवर ब्लीचिंगचं पाणी फिरलं असेल तर तिथेही तीच गत: पितळ काळवंडतं, सोन्याचा मुलामा उडतो.

ही कामं काढायला बरा काळ म्हणजे सामान्य काळ, चर्चच्या वर्षातला मोठ्या सणांच्या काळांबाहेरचा भाग. फादरांचा झगा हिरवा, सणाची गडबड नाही, क्वायरला नवी गाणी बसवायची घाई नाही. वसईत या काळाचा मोठा भाग पावसात जातो. बाहेर भात, आत वेदीवर हिरवं कापड.

'सामान्य' या शब्दाने जरा घोळ होतो. लॅटिनमधलं मूळ नाव नुसतं 'वर्षभराचा काळ' एवढंच आहे, आणि त्यातले आठवडे आकड्यांनी मोजले जातात. ३३ किंवा ३४ आठवडे, दोन तुकड्यांत. पहिला तुकडा येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर सुरू होऊन राखेच्या बुधवारच्या (ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या) आदल्या दिवशी थांबतो. दुसरा पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी सुरू होऊन नाताळआधीच्या आगमन काळापर्यंत चालतो. जोडाच्या जागी कधी कधी एक आठवडा गळतो. २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला आठवा आठवडा अर्धवट सुटला आणि ९ जूनला थेट दहावा सुरू झाला. नववा आलाच नाही. पुढे १५ जूनला त्रैक्याचा सण, २२ ला ख्रिस्तशरीराचा, २९ ला संत पेत्र आणि पौल. म्हणजे पेंटेकॉस्टनंतरचा पहिला हिरवा रविवार उजाडला ६ जुलैला, आणि तो चौदावा! १४ सप्टेंबर, २ नोव्हेंबर, ९ नोव्हेंबर हे रविवारही दुसऱ्या सणांनी घेतले.

मिस्सेत बायबलमधली वाचनं करणाऱ्या वाचकांच्या यादीची फजिती इथेच होते. यादीत 'चोविसावा रविवार' लिहिलेलं असतं, वाचक घरी मोबाइलवर चोविसाव्या रविवारची वाचनं तयार करून येतो आणि पुस्तकात पवित्र क्रूसाच्या सणाची खूण असते. यादीत रविवारचा क्रमांक लिहूच नका. तारीख आणि वाचनपुस्तकाचं पान लिहा. थेस्सलनीकाकर, मलकीसदेक असली नावं आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने म्हणून बघायची, एवढी एक सूचना पुरते.

आता मुद्द्याचं. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेला बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या म्हणजे कोविडनंतर लोक परत आले, असा हिशेब बरेच धर्मग्राम (एकेका चर्चचा परिसर आणि तिथली मंडळी) करतात. तो चुकीचा आहे. नाताळला लोक येतातच. मोजायचं असेल तर ऑगस्टमधला एखादा पावसाळी रविवार घ्या, शक्यतो चार लागोपाठचे. शनिवारची संध्याकाळची मिस्सा धरून सगळ्या मिस्सा मोजायच्या. प्रवचन सुरू झाल्यावर मोजायचं, कारण उशिरा येणारे तोवर आलेले असतात. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, शिवाय क्वायर, वेदीसेवक आणि बाहेर स्कूटरला टेकून उभे असलेले. या शेवटच्या मंडळींना वगळलं तर आकडा खोटा. २०१९ चे आकडे कोणी लिहून ठेवलेले नसतात, पण होस्टच्या (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद म्हणून वाटायच्या गव्हाच्या चकत्यांच्या) खरेदीची बिलं हिशेबाच्या फायलीत असतात. वर्षाला किती पाकिटं लागत होती आणि आता किती लागतात, यावरून कम्युनियन, म्हणजे हा ख्रिस्तप्रसाद, घेणाऱ्यांचा फरक बऱ्यापैकी कळतो.

महाराष्ट्रात चर्चची दारं दोनदा बंद झाली. मार्च २०२० ला लागलेलं कुलूप १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडलं. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून पुन्हा बंदी आली. मग ७ ऑक्टोबर उजाडला, घटस्थापनेचा. दुसऱ्या खेपेने सवय जास्त मोडली असं आमचं मत. पहिल्यांदा लोक वाट बघत होते. दुसऱ्यांदा घरचा टीव्ही आणि चहा यांची जोडी जमून गेली होती.

काही गोष्टी मात्र आपल्याकडे फारशा बिघडल्या नाहीत. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, त्या शांतीच्या खुणेला पाश्चात्त्य देशांत हात मिळवतात, तिथे त्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न झाला. भारतात १९६९ मध्ये उपासनेसाठी जे बारा मुद्दे रोमने मंजूर केले, त्यांत हात जोडून नमस्कार आधीपासून आहे. कोविडने तो बदलला नाही, उलट त्याला जगभर प्रतिष्ठा दिली.

दारातलं तीर्थाचं पात्र मात्र नीट सांभाळावं लागतं. कोविडात ते कोरडं ठेवलं होतं. आता पुन्हा भरताना लोक ते काठोकाठ भरतात आणि महिना महिना तसंच ठेवतात. साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंगीच्या डासाचं माहेरघर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पात्र रिकामं झालंच पाहिजे. नुसतं पाणी बदलून भागत नाही. एडीस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पात्राच्या कडेला चिकटवून, आणि ती अंडी सुकली तरी कित्येक महिने तग धरतात. तेव्हा शनिवारी दुपारी उरलेलं तीर्थ बागेत मातीत ओतायचं (गटारात नाही), काथ्याने आतली कड घासायची, पात्र कोरडं पुसायचं आणि संध्याकाळच्या मिस्सेआधी दोन बोटं पाणी घालायचं. चिमूटभर मिठाने डास मरत नाहीत. आणि गप्पी मासे इथे सोडता येत नाहीत.

होस्टचंही पावसाळ्यात बघावं लागतं. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. त्यामुळे हवेतला दमटपणा ते चटकन पितं. उघडं पाकीट दोन दिवसांत मऊ पडतं, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि वाटताना दोन हातात येतात. घट्ट झाकणाचा डबा घ्या, नवं पाकीट तळाशी आणि जुनं वर ठेवा. सिबोरियममध्ये (होस्टच्या झाकणाच्या पेल्यात) राखून ठेवलेले होस्ट पंधरा दिवसांच्या आत बदला, जुने आधी वाटून संपवा. गव्हाचा त्रास असलेल्यांसाठी कमी ग्लुटेनचे होस्ट चालतात, ग्लुटेन अजिबात नसलेले चालत नाहीत. रोमने २०१७ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. असे होस्ट वेगळ्या छोट्या डबीत ठेवायचे आणि ते देणाऱ्याने दुसऱ्या होस्टला हात लावण्याआधी द्यायचे. कम्युनियन वाटणाऱ्याने सॅनिटायझर लावलाच तर हात पूर्ण वाळू द्यावेत. ओल्या बोटाला होस्ट चिकटतो आणि त्याचा कण बोटावरच राहतो. मेणबत्ती पेटवणाऱ्या वेदीसेवकालाही हेच सांगा, तिथे तर प्रश्न आगीचा आहे.

दानपेटीजवळच्या क्यूआर कोडबद्दल एकच: दर रविवारी सकाळी स्वतःच्या मोबाइलने एक रुपया पाठवून बघा, खात्यावर ट्रस्टचंच नाव येतं का. वरून दुसरा स्टिकर चिकटवायला दहा सेकंद लागतात.

नोंदवह्यांकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. चर्चच्या कायद्याच्या कलम ५३५ प्रमाणे बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवायच्या असतात. २०२०-२१ ची मृत्यूची वही काढून बघा. कोणाचा अंत्यविधी मिस्सेविना झाला, कोणाचं दहन पालिकेच्या स्मशानात, कोणी दुसऱ्याच शहरातल्या इस्पितळात गेलं. नोंद एक तर नाहीच, नाहीतर नुसतं नाव. ती आता पुरी करता येते. कुटुंबाकडून पालिकेच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत घ्या. नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे तसं लिहा. दाखल्यावर 'डिसोझा' आणि वहीत 'डिसौझा' असं असतंच, दुसरं रूप समासात टिपा. मृत्यूची तारीख आणि दफनाची किंवा दहनाची तारीख वेगवेगळ्या लिहा. धर्मगुरू हजर नव्हते तर तसं सरळ लिहा, रकाना रिकामा सोडू नका. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. समासात आजची तारीख आणि फादरांची सही. पुढे विधवा किंवा विधुर पुन्हा लग्न करायचं म्हणतात तेव्हा हीच नोंद मागितली जाते. शिवाय २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, नावांची यादी याच वहीवरून निघते. एखादं नाव तिथे सुटलं की घरच्यांना ते किती लागतं हे सांगायला नको.

दहन झालेल्यांच्या अस्थी काही घरांत अजून कपाटात असतात. चर्चला दहन चालतं, पण अस्थी घरी ठेवू नयेत, विसर्जितही करू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, हे रोमच्या २०१६ च्या सूचनेत आहे. जाहीर घोषणा करून हा विषय काढू नका. त्या घरी जाऊन बसा, आणि दफनभूमीत जागा कुठे आहे ते सोबत नेऊन दाखवा.

पुण्यतिथीच्या मिस्सांची गर्दी एप्रिल-मे महिन्यांत होते, तेही त्याच वर्षांमुळे. एका मिस्सेत दहा नावं वाचणं सोयीचं वाटतं, पण नियम एक मिस्सा, एक हेतू (ज्याच्यासाठी देणगी देऊन मिस्सा मागितली ते नाव) असा आहे. सामूहिक हेतूची मिस्सा रोमच्या १९९१ च्या आदेशानुसार आठवड्यातून फार तर दोनदा चालत असे; २०२५ मध्ये नवा आदेश आला, पण देणगी देणाऱ्यांना आधी सांगणं त्यातही आहेच. कार्यालयात पावती फाडणाऱ्याला हे माहीत असेल तर पुढची कुरबुर वाचते.

आणि आता ते, जे परतले नाहीत. त्यांच्या दारी जाणाऱ्याने "चर्चला का येत नाही?" हा प्रश्न गिळून टाकावा. विचारायचं ते हे: पायऱ्या चढवतात का, प्रवचन ऐकू येतं का, मिस्सेच्या वेळेला रिक्षा मिळते का, मध्येच संडासला जावं लागलं तर सोय आहे का. म्हाताऱ्या माणसांचं न येणं पुष्कळदा या चारांपैकी एका उत्तरावर संपतं. बाजूच्या दाराला कठडा, पुढच्या रांगेत हात असलेल्या चार खुर्च्या, संडासात दिवा आणि पकडायला दांडी, शेवटच्या बाकापाशी एक जादा स्पीकर: खर्च मोठा नाही. थेट प्रक्षेपण बंद करायची घाई करू नका. पण ते कोण बघतं याची यादी वाडीवार करा, कारण घरी कम्युनियन न्यायची यादी तीच आहे.

ही यादी रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर कामाला लागते. पिक्समध्ये (होस्ट न्यायच्या छोट्या डबीत) मोजून होस्ट घ्यायचे, पाच घरं तर पाच. पिक्स गळ्यातल्या पिशवीत, शर्टाच्या खिशात मोबाइलबरोबर नाही. चर्चमधून थेट त्या घरी. वाटेत मासळी घ्यायला थांबायचं नाही. आदल्या दिवशी फोन केलेला असावा, म्हणजे टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार असतं. टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. कम्युनियनआधीचा एका तासाचा उपास आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्यालाही नाही. त्या सुनेला किंवा मुलालाही कम्युनियन हवंय का ते विचारा, तेही अनेक रविवार घरातच अडकलेले असतात. छोटं वाचन त्या रविवारचंच घ्यावं, म्हणजे चर्चमध्ये काय वाचलं गेलं ते त्यांनाही कळतं. मग प्रभूची प्रार्थना. स्मृती गेलेल्या माणसाचेही ओठ इथे हलतात, तेवढा वेळ द्या.

गिळायला त्रास असेल तर होस्टचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून लगेच चमच्याने पाणी द्या. कवळी सैल असेल तर कण तिच्याखाली अडकतो, पाणी दुसऱ्यांदा द्यायचं. नाकातून नळी असलेल्याला तोंडाने काही देऊ नका. फादरांना कळवा, काय करायचं ते ते डॉक्टरांना विचारून ठरवतील. तेलाचा अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, तेव्हा माणूस खालावलेला दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही.

परत आल्यावर उरलेला होस्ट टॅबर्नॅकलमध्ये (चर्चमधल्या होस्ट राखायच्या कुलूपबंद कपाटात) जातो. पिक्समध्ये थोडं पाणी घालून फिरवायचं, ते प्यायचं, फडक्याने पुसायचं. मग वहीत लिहायचं: पाचांपैकी चार दिले, एक घर बंद होतं, शेजारणीला विचारलं, मुलीकडे नालासोपाऱ्याला गेल्या आहेत, गणपती झाले की येतील.