नाव वेगळं, माणूस एकच

परवा दुपारी लाईट बिलाची फाईल शोधताना कपाटातून लाल चकत्यांचं पाकीट निघालं. नोटरीच्या असतात ना, कडेला करवतीसारखे दात असलेल्या, त्याच. गोंद पार वाळून गेलेला. मग काय, बिल राहिलं बाजूला.

आप्पा कराडला तहसील कचेरीबाहेर नोटरी करायचे. दहा वर्षं वकिली झाल्यावर मिळाली होती, दर पाच वर्षांनी रिन्यू करायला लागायची, पण थाट काही नाही, एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री, शेजारी टायपिंगवाले काका. सुट्टीत मी तिथंच पडीक. चकत्या चिकटवायचं काम माझं, त्यावर गोल शिक्का आप्पांचा. एकदा मी कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजला, बरोबर ५ सेंटिमीटर. नियमातच तेवढा लिहिलाय हे फार नंतर कळलं, तोवर मला वाटायचं आप्पांनी आवडीनं करून घेतलाय. अजूनही कुणी तिरका शिक्का मारला की माझा जीव वरखाली होतो, बँकेत एकदा परत मारायला लावलाय मी.

जूनमध्ये नुसती झुंबड. गॅप सर्टिफिकेटवाली पोरं, अकरा महिन्यांचे भाडेकरार, हरवलेल्या मार्कशीटा. (तेव्हा १०० चा स्टॅम्प म्हणजे पण लोक कुरकुरायचे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झालाय, आता काय म्हणत असतील.) पण जास्त गर्दी ‘नाव वेगळं, माणूस एकच’वाल्यांची. सातबाऱ्यावर पांडुरंग, रेशनकार्डावर पांडूरंग, शाळेच्या दाखल्यावर नुसताच पांडू. आप्पा सगळ्यांना विचारणार, वाचलं का? माणूस म्हणणार, तुम्ही लिवलंय म्हंजे बरोबरच की. तरी हे मागं रांग असताना मोठ्यांदा वाचून दाखवणार. कुणी म्हातारी रिक्षातून उतरू शकत नसली तर रजिस्टर घेऊन स्वतः रिक्षापर्यंत जाणार, पण माणूस समोर नाही तर सही नाही. धंदा बेताचाच चालला हे सांगायला नकोच.

आजीचं पण असंच एक प्रतिज्ञापत्र झालेलं. ती माहेरची इंदू, लग्नात नाव बदलून सुनंदा. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून इंदू लागलेली, बाकी सगळीकडे सुनंदा. स्वतःच्या आईचं स्वतः कसं करणार म्हणून आप्पांनी तिला पलीकडच्या टेबलावर नेलं, मी चकती घेऊन मागं मागं. त्या वकिलांनी रीतसर विचारलं, आजी, इंदू आणि सुनंदा एकच ना?

आजी म्हणाली, "व्हय. पर इंदूला सही येत नव्हती. ह्यांनी शिकवली ती सुनंदाला."

सगळे हसले. ती नाही हसली, म्हणाली, मग इंदूचा अंगठा घ्या की. त्यांनी समजावलं की तसं नसतं, एकच सही पुरते. तिनं सावकाश सही केली, सुनंदाची.

कागद हक्कसोडीसाठी होता. आजीच्या भावांच्या, म्हणजे आप्पांच्या मामांच्या नावावर करायचं होतं सगळं. हे मला तेव्हा कुठलं कळतंय, माझं सगळं लक्ष चकती सरळ बसतीय का याकडे.